चित्राखालची ओळ

दुष्काळ, युद्धें आणि देशोधडीला लागलेलीं माणसें यांचीं छायाचित्रें जगाच्या कानाकोपऱ्यांतून आज आमच्या दिवाणखान्यांत रोज येऊन पडतात. त्यांचीं प्रदर्शनें भरतात, त्यांस पारितोषिकें मिळतात, आणि रसिक म्हणविणारी मंडळी त्यांच्यापुढें उभी राहून एक वाक्य हटकून उच्चारतात : 'चित्र इतकें बोलकें आहे कीं त्याला शब्दांची गरजच नाहीं.' हें वाक्य ऐकावयास गोड आहे. परंतु आमच्या मतें तें खोटें आहे, आणि दुःखितांच्या बाबतींत तर अन्यायाचेंही आहे.

केव्हिन कार्टर या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकारानें १९९३ सालीं सुदानमधील अयोद या गांवीं काढलेलें चित्र बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. भुकेनें जमिनीवर कोसळलेलें एक मूल, आणि त्याच्या मागें थोड्या अंतरावर बसलेलें गिधाड. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें २६ मार्च १९९३ रोजीं तें छापलें. पुढच्या वर्षीं त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालें. चित्र एवढें बोलकें होतें, तर वाचकांनीं त्या पत्राकडे पहिला प्रश्न कोणता केला? 'त्या मुलाचें पुढें काय झालें?' पत्राला निराळी टीप छापावी लागली कीं, गिधाडाला हाकलल्यावर मूल पुन्हां चालूं लागलें, पण अन्नकेंद्रापर्यंत पोंचलें कीं नाहीं हें ठाऊक नाहीं. जगानें त्या मुलाला कित्येक वर्षें मुलगी मानलें. तो मुलगा होता आणि त्या दिवसांतून वांचला होता, ही बातमी एका स्पॅनिश वर्तमानपत्रानें २०११ सालीं दिली. तोंवर तो तापानें वारलाही होता. कार्टरला निर्दय म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचें नाहीं. त्यानें १९९४ च्या जुलैंत स्वतःचें जीवन संपविलें, आणि त्याच्यावर दगड फेकणें फार सोपें आहे. आमचें म्हणणें निराळें आहे. गिधाड सर्वांना दिसलें; परंतु १९८३ पासून चाललेली जी यादवी त्या प्रदेशाच्या तोंडचा घांस काढून घेत होती, ती त्या चौकटींत मावली नाहीं. ती सांगावयाला शब्दच लागतात.

याहून जुनें उदाहरण अमेरिकेचें आहे. १९३६ सालीं डोरोथिया लँग यांनीं कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें वाटाण्याच्या शेतांवरील मजुरांच्या तळावर एका चिंताक्रांत मातेचें चित्र घेतलें. तिचें नांव त्यांनीं विचारलें नाहीं. चित्र वर्तमानपत्रांत येतांच त्या तळावर अन्न धाडण्यांत आलें, पण तोंवर तें कुटुंब पुढच्या गांवीं निघून गेलें होतें. त्या बाईचें नांव जगाला १९७८ सालीं, म्हणजे बेचाळीस वर्षांनीं कळलें. ती मूळच्या चेरोकी वंशाची होती हेंही तेव्हांच कळलें. आपल्या चेहऱ्यावरून आपणांस एक पैही मिळाली नाहीं, ही तिची तक्रार होती. तिला आपण दारिद्र्याची मूर्ति केलें, आणि मूर्तीला कोणी नांवगांव विचारीत नाहीं! सांगावयास आनंद वाटतो कीं, याच लँगबाईंनीं पुढें १९३९ सालीं अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर यांच्याबरोबर काढलेल्या पुस्तकांत चित्रांबरोबर त्या स्थलांतरितांचेच शब्द छापले.

'मग चित्राची शक्ति तुम्ही मानीतच नाहीं काय?' असें कोणी विचारील. अवश्य मानतों. १९४३ सालीं बंगालमध्यें माणसें रस्त्यांवर मरत असतांना सरकार दुष्काळ जाहीर करावयास तयार नव्हतें. तेव्हां कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'नें २२ ऑगस्ट रोजीं त्या मरणाचीं चित्रें छापून झांकलेली गोष्ट उघडी केली. पण संपादक इअन स्टीफन्स तेवढ्यावर थांबले नाहींत. जबाबदारी कोणाची, हें त्यांनीं अग्रलेखांमागून अग्रलेख लिहून विचारलें. त्याच दुष्काळांत सुनील जाना यांनीं कॅमेरा आणि पूरणचंद जोशी यांनीं लेखणी घेऊन बंगाल पालथा घातला, आणि दोघांचें काम मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर'मध्यें एकत्र छापलें गेलें. चित्तप्रसाद यांनीं मिदनापूर जिल्हा फिरून रेखाटनें आणि वृत्तांत मिळून 'हंग्री बंगाल' ही पुस्तिका केली. तिच्या प्रती सरकारनें जप्त करून नष्ट केल्या. या मंडळींचें राजकारण सर्वांस मान्य होईल असें नाहीं. त्यांची पद्धति मात्र मान्य व्हावी. केवळ कणव उत्पन्न करणाऱ्या चित्राला सत्ता फारशी भीत नाहीं. चित्र आणि त्याचें कारण एका पानावर आलें म्हणजे ती भिते.

आमची मागणी साधी आहे. ज्याचें दुःख आपण पाहतों तो कोण, कोठला, त्याच्यावर ही वेळ कशामुळें आली, तो स्वतः काय म्हणतो आणि पुढें त्याचें काय झालें, हें चित्राबरोबर आलेंच पाहिजे. नांव दिल्यानें जिवाला धोका असेल तेथें तें गाळावें. पण गाळलें असें सांगावें. हें अशक्य नाहीं. पी. साईनाथ यांनीं २०१४ सालीं सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'मध्यें शेतकरी, विणकर, ऊसतोड मजूर यांच्या चित्रांबरोबर त्यांचीं नांवें, गांवें आणि त्यांचे शब्द येतात, आणि ते मराठींतही वाचावयास मिळतात.

वाचकांकडेही आमचें एक मागणें आहे. यापुढें असें चित्र समोर आलें कीं छायाप्रकाशाची तारीफ करण्यापूर्वीं त्याच्या खालची ओळ वाचावी, आणि ती नसेल तर छापणाराला जाब विचारावा. ओळख नसतां कोणाच्या घरांत शिरणें आपण असभ्यपणाचें समजतों. मग नांवही न विचारतां त्याच्या दुःखांत शिरणें सभ्यपणाचें कसें होईल?