आधी जुने कागद वाचू द्या

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस या आजारात कृत्रिम बुद्धिमत्ता काय करू शकते, असे विचारले की उत्तर एमआरआयपासून सुरू होते. मेंदूच्या चित्रातले पांढरे डाग ती मोजते, मागच्या वर्षीच्या चित्राशी ताडून नवा डाग दाखवते. हे काम खरे आहे आणि मोलाचेही. पण त्याचा लाभ एमआरआयपर्यंत पोचलेल्या रुग्णाला. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या तालुक्यातला रुग्ण तिथे पोचेपर्यंत हातची वर्षे निघून जातात. म्हणून इथला प्रश्न वेगळा आहे: स्कॅनच्या आधी हे तंत्रज्ञान काय करील?

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचे मायलिन हे आवरण खराब करते. बहुधा विशी ते चाळिशीत तो सुरू होतो. पुरुषांपेक्षा बायकांत दुपटीने किंवा त्याहूनही जास्त आढळतो. एका डोळ्याने अंधुक दिसते, डोळा फिरवला की दुखतो. काही आठवड्यांनी बरे वाटते. पुढे कधीतरी पाय जड होतात, मुंग्या येतात, लघवी आवरत नाही. बहुतेक वेळा तेही ओसरते. झटका आपोआप ओसरणे हा सुरुवातीच्या काळात या आजाराचा स्वभावच, आणि घात होतो तो तिथेच. डोळ्याला चष्मा लागतो, पायासाठी सलाइन लावतात, ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून झाडपाला होतो. ज्याचा उपचार त्या वेळी चालू असेल त्याचा गुण आला असे घरच्यांना वाटते. आत मात्र इजा साचत राहते.

एमएसचे निदान कोणत्याही एका तपासणीवर होत नाही. 2001 मध्ये ठरलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या मॅकडोनाल्ड निकषांचा मूळ विचार असा, की मज्जासंस्थेला वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी इजा झालेली दिसली पाहिजे. आता एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी यांना अधिक वजन आले आहे. तरी ‘पूर्वी असे काही झाले होते का’ हा प्रश्न सुटलेला नाही. किनवटच्या रुग्णापाशी त्याचे उत्तर असते, पण विखुरलेले. डोळ्याचा कागद तेलंगणातल्या आदिलाबादचा, कारण ते जवळ. पायाचा कागद गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयातला. पुढचा नांदेडचा, शंभराहून जास्त किलोमीटरवरचा. राज्ये दोन, कागदांच्या भाषा वेगवेगळ्या, आणि त्रास सांगणारी बाई गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलणारी. दोन झटके एका डॉक्टरपुढे एकत्र येतच नाहीत.

नेमके हे कागद एकत्र जोडण्याचे काम यंत्राला सोपवता येईल. जुन्या नोंदींत खुणा असतात. कॅनडातल्या चार प्रांतांच्या आरोग्य नोंदींवरचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला झटका नोंदला जाण्याआधीच्या पाच वर्षांतच एमएसच्या रुग्णांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा वाढलेल्या होत्या, असे त्यात आढळले. आपल्याकडे 2021 पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे, आभा हा आरोग्य-ओळख क्रमांक आहे. त्या क्रमांकाखाली दोन्ही राज्यांतले कागद आले, तर ‘वय सत्तावीस, पूर्वी एका डोळ्याची तक्रार, आता पायांची; बी-12 तपासा आणि मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा’ एवढी सूचना देणे आजच्या संगणकाला अवघड नाही. क्षयरोगात हा मार्ग मळलेला आहे. छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या प्रणालींची जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये चाळणीसाठी शिफारस केली. मुंबईच्या क्यूअर डॉट एआयने तशी प्रणाली बनवली आहे. तिथे यंत्र संशय दाखवते, खात्री थुंकीच्या तपासणीने होते. एमएसमध्येही निर्णय डॉक्टरचाच असावा.

मात्र परदेशी नोंदींवर शिकलेले यंत्र जसेच्या तसे आणून चालणार नाही. मंगळूर शहरातल्या 2014 च्या अभ्यासात एमएसचे प्रमाण लाखामागे 8.35 आणि त्याच्याशी गल्लत होणाऱ्या एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) गटातल्या आजारांचे 2.6 निघाले. युरोप-अमेरिकेत एमएसच्या तुलनेत एनएमओ फारच विरळा. एमएसवरच्या इंटरफेरॉनसारख्या औषधांनी एनएमओ बळावू शकतो. म्हणजे यंत्राची चूक थेट रुग्णाच्या अंगावर येते. त्यात मेंदूचा क्षयरोग आणि सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळ्यांचा संसर्ग) यांचे डाग आपल्याकडे नित्याचे. शिवाय अंग तापले की एमएसची जुनी लक्षणे तात्पुरती वर येतात. मोबाइलवर चाल मोजणारे ॲप थंड देशात शिकलेले असेल, तर किनवटच्या मे महिन्यात ते उन्हालाच नवा झटका समजेल. भारतीय रुग्णांच्या नोंदींवर, त्यांच्या संमतीने, यंत्राची पारख झाली पाहिजे.

इतक्या थोड्या रुग्णांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. 2011 च्या जनगणनेनुसार किनवट तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास. मंगळूरचे शहरी प्रमाण इथे लावणे हा ढोबळ हिशोब. तरी ते वीसेक माणसे दाखवते, बहुतेक ऐन उमेदीतली. आणि विखुरलेले कागद जोडण्याची सोय एकदा झाली की तिचा उपयोग सिकलसेल, फिट्स, मधुमेह अशा कितीतरी रुग्णांना होईल.

निदानानंतर औषधही हवे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये एमएसवरची तीन औषधे अत्यावश्यक यादीत घेतली. त्यांतले रिटुक्सिमॅब भारतात बनते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचे नावही आहे. पण औषध नांदेडच्या शासकीय रुग्णालयात मोफत आणि अखंड मिळाले नाही, तर लवकर निदान करून आपण किनवटच्या त्या बाईच्या हाती फक्त आजाराचे नाव ठेवू.

आरोग्य खात्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम जरूर हाती घ्यावे. पण त्याची पहिली कसोटी पुण्या-मुंबईच्या स्कॅन केंद्रात लावू नये, गोकुंद्याच्या बाह्यरुग्ण विभागात लावावी. तिथल्या रुग्णाचा पहिला आणि दुसरा झटका एकाच नोंदीत आला, तर हे तंत्रज्ञान कामाचे.