त्रैक्याचा प्रश्न आणि उत्तर देण्याची रीत



एका रविवारी अंधेरी येथील संपर्कसत्र संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. ती बोरिवलीची, ईस्ट इंडियन समाजातील. मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. तिच्या शेजारी काम करणारी स्त्री मुस्लिम आहे, वयाने मोठी आहे, म्हणून ही तिला ‘आपा’ म्हणते. गेली अकरा वर्षे दोघी एकत्र डबा खातात. एके दिवशी आपाने सहज विचारले, ‘‘तुम्ही देव एकच म्हणता आणि नावे तीन घेता, हे कसे? आणि तुमचे पुस्तक जसे उतरले तसेच राहिले आहे का?’’ विद्यार्थिनीला उत्तर सुचले नाही. तिने इतरांकडे विचारणा केली, तेव्हा तिच्या हाती तयार उत्तरांची एक पुस्तिका आली. तीत प्रत्येक आक्षेपाला एक प्रत्याक्षेप दिलेला होता. ती मला म्हणाली, ‘‘सर, हे आपाला वाचून दाखवले तर उद्यापासून डबा वेगळा होईल.’’

धर्मशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी भाषा शिकवतो. तथापि हा प्रश्न मोठ्या अंशी भाषेचाच आहे असे माझे मत आहे, आणि ते या लेखात मांडावयाचे आहे.

ती पुस्तिका ज्या परंपरेतली आहे ती मुंबईला नवी नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले. हिंदू शास्त्रीपंडितांशी त्यांनी केलेले वाद मराठी गद्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. मात्र 1830 च्या दशकात याच शहरात इस्फहानचे हाजी मुहम्मद हाशिम यांच्याशीही त्यांचा लेखी वाद झाला, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात फारशी येत नाही. हाजींनी आपल्या धर्माचे समर्थन केले, आणि विल्सन यांनी इस्लामच्या खंडनाचे पुस्तकच काढले. विल्सन यांची विद्वत्ता थोर होती. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. परंतु ‘खंडन’ या शब्दातच या रीतीची मर्यादा दिसते. समोरच्याने आपल्या घराविषयी विचारावे आणि आपण त्याच्या घराच्या भिंतीतील तडे मोजत बसावे, असे हे उत्तर आहे. त्याने वाद जिंकता येत असेल. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

या रीतीला सर्वांत मोठा धक्का बसला तो आग्र्यात. 10 आणि 11 एप्रिल 1854 रोजी तेथे जर्मन मिशनरी कार्ल फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा जाहीर वादविवाद झाला. फांडर यांच्या ‘मीजानुल हक’ या ग्रंथाचा उत्तर हिंदुस्थानात बराच बोलबाला होता. मुस्लिम पक्ष जुन्याच युक्तिवादांनी लढेल अशी त्यांची कल्पना असावी. परंतु कैरानवी यांचे सहकारी डॉ. वझीर खान यांना इंग्रजी येत होते, आणि युरोपीय पंडितांनी बायबलची जी पाठचिकित्सा केली होती तिचे ग्रंथच त्यांनी पुढे ठेवले. बायबलमध्ये काही ठिकाणी पाठ बदललेले आहेत, हे फांडर यांना मान्य करावे लागले. सभेतील अनेकांनी तीच त्यांची हार मानली. विषयपत्रिकेवर पुढे त्रैक्याचा मुद्दा होता. वाद तेथवर पोहोचलाच नाही. कैरानवी यांनी पुढे अरबीत ‘इज्हारुल हक’ हा ग्रंथ लिहिला. मुंबई इलाख्यातील सुरत जिल्ह्यात 1918 मध्ये जन्मलेले आणि बालपणीच दक्षिण आफ्रिकेत गेलेले अहमद दीदात यांच्या हाती तो पडला, आणि त्यांच्या भाषणांतून हे सर्व आक्षेप जगभर गेले. आपाने विचारलेला प्रश्न एवढा प्रवास करून मरोळला आला आहे.

फांडर यांची कबुली ही हार होती का? माझ्या मते नव्हती. ती हार वाटली, कारण दोन्ही पक्षांनी ‘ईश्वरी ग्रंथ’ या शब्दाचा एकच अर्थ धरला होता. मुस्लिम श्रद्धेनुसार कुरआन हा शब्दशः अवतरलेला ग्रंथ आहे. त्यातील अक्षरही मानवी नाही. त्यामुळे एखाद्या ग्रंथात ‘तहरीफ’ झाली, म्हणजे त्यात फेरफार झाला, असे दिसले की तो ग्रंथ त्या कसोटीवर टिकत नाही. ख्रिस्ती परंपरेत मात्र बायबल ही अनेक शतकांत, अनेक हातांनी, दैवी प्रेरणेने लिहिली गेलेली ग्रंथमाला आहे. मत्तय, मार्क, लूक आणि योहान हे चार लेखक एकाच जीवनाविषयी चार रीतींनी लिहितात. ख्रिस्ती श्रद्धेत कुरआनाच्या स्थानी बायबल नाही, येशू आहे. बायबल हा त्याच्याविषयीचा साक्षीचा ग्रंथ आहे. हा भेद सांगितल्याने मुस्लिम वाचकाचे समाधान होईलच असे नाही. तो म्हणेल, साक्षीचा कागद फाटका असेल तर साक्ष कशी मानावी? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला पाठचिकित्सेनेच उत्तर द्यावे लागते.

एक उदाहरण घ्या. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, सातव्या वचनाच्या ठिकाणी, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत अशा आशयाचे विधान जुन्या युरोपीय आवृत्त्यांत छापले जाई. त्रैक्याचा इतका उघड उल्लेख बायबलमध्ये दुसरीकडे नाही. आणि नेमके हेच विधान प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाही. इरॅस्मस याने 1516 आणि 1519 च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. टीका झाल्यावर 1522 च्या आवृत्तीत घेतले. आजच्या बहुतेक चिकित्सक आवृत्त्यांनी ते गाळले आहे किंवा तळटीपेत टाकले आहे. आपल्या परिसरातील ग्रंथालयात मराठी बायबलची एक जुनी आणि एक नवी आवृत्ती मिळाली, तर हे स्थळ शेजारी शेजारी ठेवून अवश्य पाहा. ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीची परंपरा एकनाथांपासून जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला अशा शोधाचे भय वाटण्याचे कारण नाही. पाठभेद लपवणारा ख्रिस्ती आपली बाजू दुबळी करतो. ‘हे वचन मूळचे नव्हे’ असे आधी स्वतःच सांगणारा विश्वासार्ह ठरतो.

आता त्रैक्य. इथे मराठीची अडचण वेगळी आहे. ‘एक देव, तीन व्यक्ती’ असे म्हटले की मराठी कानाला तीन माणसे ऐकू येतात. ग्रीकमधील ‘हायपोस्टॅसिस’ आणि लॅटिनमधील ‘पर्सोना’ या शब्दांवर चौथ्या शतकातील धर्मपरिषदांत, 325 साली निकिया येथे आणि 381 साली कॉन्स्टँटिनोपल येथे, जो खल झाला त्याचे ओझे ‘व्यक्ती’ या शब्दाला पेलत नाही. संस्कृतातील मूळ अर्थाकडे, म्हणजे ‘प्रकट होणे’ याकडे, वळावे तर दुसरीच आपत्ती येते: एकच देव तीन रूपे घेतो असा अर्थ निघतो, आणि तो चर्चने केव्हाच नाकारला आहे. मराठी हिंदू श्रोत्याला घारापुरीची त्रिमूर्ती आठवते. मुस्लिम श्रोत्याला ‘शिर्क’, म्हणजे ईश्वराला भागीदार जोडणे, ऐकू येते. बोलणाऱ्याला यांपैकी काहीच अभिप्रेत नसते. ‘पुत्र’ शब्दाचेही तसेच. ईश्वराला अपत्य नाही असे कुरआन बजावते. ख्रिस्ती धर्मशास्त्रालाही शारीरिक अपत्यत्व मान्य नाही. मरियम त्रैक्यात नाही, हेही अनेकदा सांगावे लागते.

या कामी मला सर्वांत आदर्श वाटते ते उत्तर बगदादचे आहे. सुमारे 781 साली पूर्वेकडील चर्चचे प्रमुख तिमथी पहिले यांना खलिफा अल्-महदी यांनी हेच प्रश्न विचारले. तिमथी राजसत्तेपुढे उभे होते, तरी त्यांनी न लाजता आणि न डिवचता उत्तरे दिली. सूर्य, त्याचा प्रकाश आणि त्याची उष्णता हे तीन सूर्य नव्हेत, असा दृष्टान्त त्यांनी दिला. ईश्वर, त्याचा शब्द आणि त्याचा आत्मा यांकडे त्यांनी लक्ष वेधले. कुरआनही (4:171) येशूला ईश्वराचा शब्द आणि त्याच्याकडील आत्मा म्हणते, अर्थात त्याच वचनात ‘तीन’ म्हणू नका असेही बजावते. मुहम्मद पैगंबर संदेष्ट्यांच्या वाटेने चालले, असेही तिमथी म्हणाले. अंधाऱ्या घरात मोती पडला आहे, प्रत्येकाला वाटते तो आपल्याच हाती आहे, उजाडल्यावर कळेल, अशी एक कथा त्यांनी शेवटी सांगितली.

सूर्याचा दृष्टान्त मात्र मी तपासून वापरावा असे सुचवीन. प्रकाश सूर्याची प्रार्थना करीत नाही. शुभवर्तमानातील येशू पित्याची प्रार्थना करतो. चतुर मुस्लिम श्रोता नेमके तेथेच बोट ठेवील, आणि तेव्हा खरा मतभेद समोर येतो. तो तीन आणि एक या अंकांचा नाही. निराकार, अतुलनीय ईश्वर मानवी देहात येऊ शकतो का, हा तो प्रश्न आहे. ख्रिस्ती ‘हो’ म्हणतो, मुस्लिम ‘नाही’ म्हणतो, आणि तेथे शब्दार्थ संपून श्रद्धा सुरू होते. गैरसमज दूर झाल्यावर उरणारा हा मतभेद प्रामाणिक असतो.

त्या विद्यार्थिनीला मी यातले निम्मेच सांगू शकलो, कारण तिला घरी जायचे होते. पुढच्या सत्राला ती आली तेव्हा पुस्तिका तिने परत केली होती. योहानाच्या पत्रातील ते वचन मूळचे नाही हे तिने आपाला स्वतःच सांगितले. आपाला त्याचे नवल वाटले, आणि ‘हे तूच मला सांगतेस?’ असे ती म्हणाली. त्रैक्याचे काय झाले, असे मी विचारले. ‘‘तिथवर गेलोच नाही सर,’’ ती म्हणाली, ‘‘जेवणाची सुट्टी संपली.’’