नसरीनची रेघ आमच्या मुलींना कोण दाखवणार?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या खामगावातल्या चित्रकलेच्या वर्गांत एकच पाठ सुरू होतो: भूमिती म्हणजे हक्काचे मार्क. गुण्या नीट धरा, पेन्सिलीला टोक करा, रेघ जाड नको. मुली हे सगळं जीव लावून करतात. याच साधनांनी आयुष्यभर चित्रं काढणाऱ्या बाईचं नाव मात्र त्यांना कुणी सांगत नाही. या करंटेपणाचा मला संताप येतो.

नसरीन मोहम्मदी. जन्म 1937, कराची. वाढली मुंबईत, शिकली लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये. 1972 पासून बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवलं. 1990 साली अलिबागजवळच्या किहीमला वारली, तेव्हा अवघी त्रेपन्न वर्षांची होती. म्हणजे ती महाराष्ट्राच्याच मातीत आहे, आणि मराठी वाचकाला तिचा पत्ता नाही.

तिचं चित्र जरा जवळून बघा. हातभर कागद. शाई आणि पेन्सिल, बस्स. आडव्या रेघा एकीखाली एक, आधी दाट, मग हळूहळू विरळ. एखादी तिरकी रेघ त्यांना छेदून निघते आणि सपाट कागदाला एकदम खोली येते. झाड नाही, माणूस नाही, रंग नाही. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीखही नाही. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने तिचा हातापायांवरचा ताबा सुटत चालला होता. त्या काळातल्या रेघाही सुरीच्या धारेसारख्या आहेत. हे ज्याला ‘नुसती भूमिती’ वाटतं, त्याने कलेवर बोलू नये.

चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले म्हणून आम्हा वैदर्भीयांना त्यांचा अभिमान. 2015 साली त्यांचं चित्र 29 कोटींवर गेलं आणि वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्याच सहवासात काम केलेल्या नसरीनसाठी आमच्याकडे एक ओळ नाही. कोटींचा आकडा दिसल्याशिवाय आम्हाला चित्रकार दिसत नाही, आणि त्यातून ती बाई असली तर मुळीच नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2016 मध्ये मेट ब्रॉयर ही शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत एक तिचं होतं. तिकडचे समीक्षक तिला रेघांचीच चित्रं काढणाऱ्या अमेरिकन अ‍ॅग्नेस मार्टिनशेजारी बसवतात आणि मार्टिनच्याच मापाने मोजतात. आपण तेवढीही तसदी घेतली नाही.

अभ्यासक्रम बदलायची वाट बघू नका, तो बदलेल तेव्हा बदलेल. खामगावातल्या, शेगावातल्या, मलकापुरातल्या चित्रकला शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे: यंदा भूमितीचा पहिला तास घेण्याआधी नसरीनचं एक चित्र फळ्यावर लावा आणि मुलींना दहा मिनिटं ते बघू द्या.