मास्कआड गेलेले शब्द

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात कोरोनाचे रुग्ण वाढले, पुन्हा टाळेबंदी आली. एप्रिलमध्ये लागलेला रमजानही धास्तीतच गेला. मास्क गरजेचाच होता. पण कमी ऐकू येणाऱ्यांना डॉक्टरांचे ओठ दिसेनात. ‘स’, ‘फ’सारखे बारीक आवाज आणखी दबले. कोविड वॉर्डात सोबतीला घरचे माणूसही नाही. मधुमेहाची गोळी सहेरीला घ्यायची की इफ्तारला, हे चुकीचे ऐकले तर जिवावर बेतते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २५ रुग्णालये अडथळामुक्त करायला सांगते. त्याचा अर्थ बहुधा रॅम्पपुरताच घेतला जातो. कमी ऐकणाऱ्याचा रॅम्प म्हणजे मराठीत किंवा उर्दूत ठळक लिहिलेली चिठ्ठी. साथ ओसरली, तरी प्रत्येक दवाखान्यात ती हवीच.