खाटेवरच्या माणसाला काम विचारा

राळेगावकरांनो, कापूस वेचणीला आला की आपल्याकडे कुणाच्या हाताला फुरसत नसते. त्याच दिवसांत एखाद्या घरात ऐन तिशीतला पोरगा खाटेवर पडून आढ्याकडे पाहत असतो. झाडावरून पडला किंवा गाडी घसरली, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं, कधी पार मानेखालचं अंग गेलं. लोक भेटायला येतात, हळहळतात, चहा पिऊन उठतात. "बाबू, तू काय काम करशील?" हे मात्र कुणी विचारत नाही.

काम होतं की नाही, ते नसीमा हुरजूक यांच्याकडे पाहून ठरवा. त्यांचं कमरेखालचं शरीर कोवळ्या वयात लुळं पडलं. जगणं नकोसं झालं होतं. तेव्हा त्यांना भेटला तो चाकाच्या खुर्चीत बसून धंदा सांभाळणारा, स्वतः मोटार हाकणारा एक माणूस. मग त्या शिकल्या, अबकारी खात्यात नोकरीला लागल्या, आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली. पुढे सिंधुदुर्गात अपंगांच्या हातांनी काजूवर प्रक्रियाही होऊ लागली. कोल्हापूर लांब वाटतं? मग वर्धा नदीपलीकडचं हिंगणघाट घ्या. तिथं जन्मलेल्या बाबा आमट्यांची पाठ अशी गेली होती की त्यांना बसताच येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तशा पाठीनं ते १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले.

सगळ्यांनी बाबा आमटे व्हावं, असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे अपंग माणूस एक तर बिचारा ठरतो, नाहीतर देवमाणूस. त्याला साधा कमावता माणूस कुणी होऊ देत नाही. मानेखाली हालचाल नसलेला माणूससुद्धा मोबाइलशी मराठीत बोलून मजकूर लिहू शकतो. पीक विम्याचे अर्ज, बचत गटाचा हिशेब, दहावीच्या पोरांची शिकवणी, किती कामं गावात खोळंबतात! ती त्याला द्या, आणि दर ठरवून द्या. फुकटात करून घेऊ नका.

घरच्यांनो, दर दोन तासांनी त्याची कूस बदला. पाठीला जखम होऊन चिघळली की महिनोन्‌महिने काम बुडतं. उंबऱ्याची पायरी सहा इंच असेल तर खुर्चीसाठी सहा फूट उतार हवा. मिस्त्रीला आजच सांगा.

ग्रामपंचायतीला स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. ते नुसते वाटून तिला मोकळं होऊ देऊ नका. त्यातून उतार, खुर्ची, मोबाइल मागा.

आणि दादा, ताई, तुम्हीही आता "माझ्यानं काय होणार" म्हणणं सोडा. येत्या ग्रामसभेला खाटेसकट चला. खर्चाचं रजिस्टर उघडायला लावा, आणि तुम्हाला कोणतं काम हवं ते ठरावात लिहून घ्या.