खुले दूरध्वनी-केंद्र आणि उद्याची मागणी

१२ नोव्हेंबर १९८४ रोजी कोलकात्याच्या मेट्रो रेल्वेचा डमडम ते बेलगाछिया हा तुकडा सुरू झाला. काही दिवसांपूर्वीच शहराच्या मध्यभागी एस्प्लनेडपासून सुरू झालेल्या पहिल्या तुकड्याशी तो जोडलेला नव्हता. दोहोंचा सांधा पुरता जुळावयास १९९५ साल उजाडले. पुढे २०१३ मध्ये मार्ग नोआपाड्यापर्यंत वाढला आणि २०२५ मध्ये तेथून डमडमच्या विमानतळाकडे निराळा मार्ग निघाला. केवळ डमडमचे स्थानक रुंद करून ही सोय झाली नसती. मार्गाला मार्ग जोडावा लागला. आंतरजालावरून दूरध्वनी-संभाषणे चालविणाऱ्या ‘ॲस्टेरिस्क’ या आज्ञावलीची रचना उद्याची मागणी पेलील काय, या प्रश्नाचा विचारही याच दृष्टीने करावयास हवा.

१९९९ साली मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाला आपल्या लहानशा व्यवसायासाठी दूरध्वनी-केंद्र हवे होते. तयार केंद्राची किंमत परवडेना, म्हणून त्याने साध्या संगणकावर चालणारी आज्ञावली स्वतः लिहिली आणि कोणालाही वाचता व बदलता यावी अशी ती खुली ठेवली. तिचे मूळ तत्त्व मध्यस्थाचे आहे. एकाने दुसऱ्यास दूरध्वनी केला, म्हणजे पहिला केंद्राशी जोडला जातो व केंद्र दुसऱ्याशी. दोन्ही टोके हाती असल्यामुळे केंद्राला संभाषण वळविता येते, थांबवून ठेवता येते, ध्वनिमुद्रितही करता येते.

परंतु जी सोय, तेच ओझे. आवाजाचे साधारणतः २० मिलीसेकंदांचे तुकडे पाडून पाकिटे पाठविली जातात. म्हणजे प्रत्येक दिशेने दर सेकंदास ५०. दोन्ही बाजूंची घेऊन तितकीच पुढे धाडावयाची, तर एका संभाषणामागे २०० पाकिटे हाताळावी लागतात. एक हजार संभाषणे एकाच वेळी चालली, की हा आकडा सेकंदाला दोन लक्षांवर जातो. दोन टोकांच्या ध्वनि-संकेतपद्धती भिन्न असल्या, तर रूपांतराचे श्रम वेगळेच. शिवाय चालू संभाषणाची स्थिती त्याच यंत्राच्या स्मृतीत असते. यंत्र बंद पडले, की बोलणेही तुटते.

म्हणून ही रचनाच कालबाह्य ठरविणे मात्र उतावळेपणाचे होईल. दारातील पहारेकऱ्याप्रमाणे केवळ संदेश वाटून देणारी ‘कामाइलिओ’सारखी दुसरी खुली आज्ञावली पुढे ठेवली, तर मागे अनेक केंद्रे कामाला लावता येतात. जेथे मध्यस्थाची गरज नाही, तेथे आवाज दोन टोकांमध्ये थेट जाऊ देता येतो. रचनेची लवचीकताही सिद्ध झालेली आहे. संभाषण जुळविणाऱ्या ‘सिप’ या नियमसंहितेसाठी २०१३ च्या बाराव्या आवृत्तीत नवा विभाग आला. जुना मात्र २०२३ च्या एकविसाव्या आवृत्तीतच काढला गेला. मधली दहा वर्षे जुन्या-नव्याचा संसार एकाच घरात चालला. इमारत न पाडता पाया बदलता येतो, याचे हे उदाहरण होय.

खरी उणीव यंत्रात नसून ती वापरणाऱ्यांच्या समजुतीत आहे. खुले म्हणजे फुकट, असे मानून एखादे रुग्णालय असे केंद्र बसविते. परवान्याचे पैसे वाचले याचा आनंद मानते. पण त्याची देखभाल जाणणारा एकही माणूस पदरी ठेवीत नाही. मग मध्यरात्री एखाद्याचा जीव कासावीस झालेला असता नातलगाने फिरविलेला क्रमांक लागत नाही आणि दोष आज्ञावलीच्या माथी मारला जातो. खुल्या आज्ञावलीने प्रत्येकास दुरुस्तीचा अधिकार दिला आहे. परंतु तो बजावण्यासाठी ज्ञान लागते. वाचविलेल्या पैशांतील काही वाटा ते ज्ञान असलेली माणसे घडविण्यावर खर्चिला, तर ही रचना उद्याची मागणी निश्चित पेलील. तसे न केल्यास कोणतीही रचना अपुरीच पडणार.