होडीला मोटर घेताना आधी बॅटरी बघा

उजनीच्या काठावरील मच्छीमार बांधवांनो, वल्हे मारून खांदे कसे भरून येतात हे तुम्हाला सांगायला नको. पहाटे जाळी उचलायची, वाऱ्याला तोंड देत काठ गाठायचा आणि वेळेत भिगवणचा बाजार धरायचा, यात जीव मेटाकुटीला येतो. पेट्रोलचे इंजिन सगळ्यांना परवडत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारी छोटी मोटर आता अनेकांच्या नजरेत भरली आहे. घ्या, जरूर घ्या. पण दुकानदार म्हणतो म्हणून घेऊ नका. बैल घेताना दात मोजता ना? मग इथेही मोजा.

या मोटरी अश्वशक्तीवर नव्हे, पाण्याला देणाऱ्या रेट्यावर विकल्या जातात. अंगावर 40, 45, 55 असे आकडे असतात, ते पौंडांचे. एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम. भरलेल्या होडीच्या दर 50 किलो वजनाला निदान 1 किलो रेटा हवा, असा ढोबळ हिशेब आहे. समजा होडी 150 किलो, दोन माणसे 130, बॅटरी 30, जाळी आणि मासळी 90. झाले 400 किलो. म्हणजे 8 किलो, अठरा पौंडांत काम भागावे. पण हा हिशेब निवांत पाण्याचा. उजनी म्हणजे काही गावतळे नव्हे. वारा सुटला की लाट उठते. म्हणून दुपटीहून थोडे जास्त धरा आणि 40 ते 45 पौंडांची मोटर बघा. त्याहून मोठी घेतली म्हणून होडी पळणार नाही. या मोटरीचा वेग झपझप चालणाऱ्या माणसाइतकाच. 55 पौंडांच्या पुढे गेलात तर बहुतेक मोटरी 24 व्होल्टच्या, म्हणजे एकाऐवजी दोन बॅटऱ्यांचा बोजा.

खरी मेख बॅटरीत आहे. 45 पौंडांची मोटर पूर्ण जोरात चालली की 40 अँपियरच्या आसपास ओढते. 100 अँपियर-तासाची शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे पूर्ण जोरात जेमतेम तासभर. निम्म्या वेगाने चालाल तर तीच बॅटरी तीन-चार तास पुरेल. हे गणित दुकानात कुणी सांगत नाही, ते भर पाण्यात कळते.

“ट्रॅक्टरची बॅटरी लावली तर?” असे बरेच जण विचारतात. चालेल, पण थोडे दिवस. ती स्टार्टरला क्षणभर झटका देण्यासाठी बनवलेली असते, तासन्‌तास वीज देण्यासाठी नव्हे. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी त्यापेक्षा बरी. लिथियम फॉस्फेटची बॅटरी वजनाला निम्म्याहून हलकी आणि टिकाऊ, पण सुरुवातीलाच खिसा रिकामा करते आणि तिला तिचाच चार्जर लागतो. चार्जिंगचा खर्च मात्र किरकोळ आहे. 12 व्होल्टची 100 अँपियर-तासाची बॅटरी पूर्ण भरायला दीड-पावणेदोन युनिट वीज लागते.

आणखी काही गोष्टी. वायर जाड घ्या आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवाच. शिशाची बॅटरी झोपायच्या खोलीत चार्ज करू नका, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. पंखा पाण्याखाली फूटभर तरी राहिला पाहिजे. उन्हाळ्यात उजनीचे पाणी मृतसाठ्याखाली जाते, काठ दूर सरकतो, गाळ उघडा पडतो. तेव्हा दांडा वर-खाली करता येणारीच मोटर घ्या. पंख्यात जलपर्णी अडकली तर आधी बॅटरीची तार काढा, मगच हात घाला. जाळे ओढताना मोटर बंद करून वर उचला.

आता सर्वांत महत्त्वाचे. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात याच जलाशयात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती दुर्घटना विसरू नका. मोटर आली की माणूस लांब जायला धजावतो. पण ही मोटर वादळाशी झुंजणारी नव्हे. वल्हे होडीतच ठेवा, लाइफ जॅकेट अंगात घाला, आभाळ भरून आले की काठ धरा. मासेमारीच्या होडीत पलीकडच्या काठाचे प्रवासी तर घेऊच नका.

मच्छीमार सोसायट्या आणि ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनाही दोन शब्द. प्रत्येकाने कर्ज काढून वेगवेगळा प्रयोग करण्यापेक्षा सोसायटीने आधी एक मोटर घ्यावी, पावसाळा आणि उन्हाळा दोन्हींत चालवून बघावी. काठाजवळ पंचायतीने एक हवेशीर चार्जिंग खोली आणि मीटर दिला तर निम्मा प्रश्न सुटेल. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा लाभ आपल्या काठापर्यंत आणायचा तर अर्ज कुणीतरी करावाच लागेल. अनुदानाच्या भरवशावर मोटर उचलण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयातून लेखी उत्तर घ्या. तोंडी आश्वासनावर बॅटरी चार्ज होत नसते.

धरणात जमिनी गेल्या, तेव्हा पोटासाठी अनेकांनी जाळे हाती घेतले. त्या जाळ्यावर चुकीच्या खरेदीचे कर्ज चढू देऊ नका. आधी वजन करा, मग बॅटरी ठरवा आणि मोटर सगळ्यात शेवटी.